'हो' म्हटलं ते तोंडानं

मी मेंदू बोलतोय. एका शिवणकाम करणाऱ्या मुलीच्या कवटीतला, जेमतेम सव्वा किलोचा. "हिचं डोकं गेलं," असं जिच्याबद्दल तुम्ही दारात उभं राहून सांगता, तिचाच. गेलो नाहीये. इथंच आहे आणि सगळं ऐकतोय.

तिनं दहावीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले, हिच्या डोक्यात बटाटे भरलेत. मास्तर, बटाट्यांना गळ्याचा आकार बेतता येतो का? माझा मागचा भाग नुसतं बघून माप सांगायचा. वरचा भाग बोटांना लागलेलं कापड ओळखायचा. कपाळामागचा भाग बेत आखायचा, आणि खाली मानेपाशी बसलेला लहान मेंदू मशीनवरचे हातपाय तालात ठेवायचा. सात वर्षं आम्ही दुकान चालवलं.

मग माझ्या डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी फुटली. डावी बाजू उजवं अंग चालवते, म्हणून उजवा हात लुळा पडला. तिथलंच शब्द जुळवणारं केंद्रही गेलं. कानशिलामागचं, बोलणं समजून घेणारं केंद्र मात्र शाबूत राहिलं. डॉक्टरीणबाईंनी हे घरच्यांना तीनदा समजावलं. घरच्यांनी काय केलं? तिच्याशी ओरडून बोलायला लागले. अहो, कान ठीक आहेत तिचे!

शिवाय 'नाही' म्हणायला गेलं की तोंडातून 'हो' निघतं. ती चूक माझी, कबूल. फायदा उठवला काकांनी.

काल ते आपल्या मुलासाठी, बंड्यासाठी, दुकान बघायला आले आणि तिच्याच टेपनं भिंत मोजायला लागले. "इथं आपल्या बंड्याचा काउंटर मस्त बसेल. काय गं, देऊन टाकू ना दुकान त्याला?"

"हो," ती म्हणाली. मान मात्र जोरजोरात नाही-नाही करत होती.

"बघा वहिनी, स्वतःच्या तोंडानं हो म्हणाली!"

"पण भावोजी, मान हलवतेय ती," आई म्हणाली.

"त्याला काय अर्थ? डोकं कुठं जागेवर आहे तिचं!"

वा रे वा! हो म्हणताना डोकं जागेवर, नाही म्हणताना गेलेलं!

मी उजवा अर्धा भाग पणाला लावला. तिच्या डाव्या हातानं टेप हिसकावून घेतला. शिव्या, गाणी, रोजची ठरलेली वाक्यं ही निराळ्या वाटेनं येतात, ती माझ्याकडे शिल्लक आहेत. उर्मट गिऱ्हाइकाला ती जे ऐकवायची, ते अख्खं बाहेर पडलं: "चला, निघा!"

काका लालबुंद झाले. "मोठ्यांशी असं बोलतात?"

"ऐकलंत ना भावोजी?" आईनं दार उघडून धरलं. "निघा."

आज ती डाव्या हातानं टीप घालतेय. वाकडी येतेय, येऊ दे. तिला काही विचारायचं असेल तर समोर बसा, सावकाश बोला आणि मग तोंड मिटून थांबा. मला वेळ लागतो. तुम्हाला कुठं एवढी घाई आहे?