गोरक्षाला एकटं सोडू नका

छबूबाईचं डोकं फिरलं ते काय गोरक्षाच्या दारूनं न्हाई, बरं का. दारूनं ते पाच वर्सं फिरलेलंच हुतं. आत्ता फिरलं ते त्यानं दारू सोडल्यावर!

झालं असं. गेल्या साली ऊसतोडीला गेले, तर गोरक्ष दिसभर गाडीखाली झिंगून पडलेला, आनि छबूबाई एकटीच ऊस तोडती, एकटीच मोळ्या वाहती. तवा औंदा आबासाहेब मुकादमानं तोंडावर सांगितलं, "कोयता म्हंजी नवरा-बायकू दोघं. अर्धा कोयता मी नेत न्हाई. टोळी निघायच्या आदल्या सांजंला येऊन बघीन. गडी शुद्धीवर असला तर चला, न्हाई तर तुमचं तुमी बघा." आता औंदा पाऊस न्हाई, घरात जवारी दोन पायल्या. टोळीत जागा न्हाई मिळाली तर खायाचं काय, माती?

म्हनून छबूबाईनं नवऱ्याला धरून जामखेडच्या दवाखान्यात नेलं. आठ दिस ठिवला तितं. आदी नुस्तं कापरं, मग घाम, मग उतरलं. घरी सोडताना विजयमाला नर्सबाईनं बजावलं, "औषध झालं, आता खरं काम तुमचं. तिन्हीसांजेला याला ओढ लागेल. त्या वेळेला एकटं सोडायचं नाही, कुणीतरी शेजारी बसायचं. आणि उपदेश करायचा नाही. एक शब्द नाही, कळलं?"

छबूबाईनं आपल्या गावी, खर्ड्याला येऊन समद्या आळीला सांगितलं. आळी बी लई मायाळू. पैल्या दिशी शेजारचा रंगनाथ आला. बसला. आता उपदेश तर करायचा न्हाई, मग मानसानं बोलायचं काय? गप बसायची सवय हाय कुनाला? रंगनाथानं तमाखू मळली आनि शेताचा बांध कोरनाऱ्या आपल्या भावाची गोष्ट काढली. दिवा लागला, भाकरी थापून झाल्या, तरी भाऊ आपला बांधच कोरतोय! आनि गोरक्ष, "व्हय... व्हय..."

दुसऱ्या दिशी साळूबाई आली, सुनंच्या तक्रारी घेऊन. तिसऱ्या दिशी साळूबाईची सून आली, सासूच्या घेऊन. चवथ्या दिशी तिघं एकदम आली, आनि पैलं कुनी बोलायचं म्हनून दारातच जुंपली.

"गोरख्या लई मन लावून ऐकतो गं," साळूबाई म्हनाली. "दारू सुटल्यापास्नं देवमानूस झालाय."

"म्हनून काय रोज दर्शनाला यायचं?" छबूबाई करवादली. गूळ संपला, चहाची पावडर संपली, शेळीचं दूध बी ह्यांच्याच घशात. आनि ह्यांना घालवावं तर हा एकटा पडतो!

बुधवारी नर्सबाई लस टोचायला गावात आली. छबूबाईनं पळत जाऊन तिला घरी आनलं. "बाई, तुमीच सांगा ह्यांना. मी सांगून दमले!"

नर्सबाईनं समद्यांना असं झापलं, असं झापलं, की आळी चिडीचूप. हाकलून दिलं सगळ्यांना आनि सोता गोरक्षापाशी बसली. छबूबाईला हायसं वाटलं. जरा येळानं डोकावून बघती तर काय!

"...आई दर आठवड्याला पत्र लिहिते, लग्न कर म्हणून. मी काय करू, तुम्हीच सांगा!" नर्सबाई म्हनत हुती.

"व्हय... व्हय..." गोरक्ष.

छबूबाईनं कपाळ बडवून घेतलं.

आनि रविवार उजाडला. सोमवारी पहाटं टोळी निघनार. दिस गावच्या किल्ल्यामागं गेला, मुकादम कुठल्याबी घडीला यील, आनि छबूबाई पानी घेऊन येती तर ओट्यावर आळी बसलेली, पर गोरक्षच न्हाई!

"परसाकडं जातो म्हनला," रंगनाथ बोलला.

"कवा?"

"माझा भाऊ कुदळ घेऊन आला न्हाई का बांधावर? तवा."

छबूबाईनं हंडा आपटला आनि पळत सुटली ती थेट ओढ्याकाठच्या भट्टीवर. गोरक्ष बाजूला उकिडवा बसलेला. म्होरं गिलास, काठोकाठ. तिनं त्याची हनुवटी धरली, तोंडाचा वास घेतला. न्हाई!

"मग हितं काय करताय?"

"हितं कुनी काय सांगत न्हाई," गोरक्ष म्हनाला. "दोनदा उचलला, दोनदा ठिवला. तिसऱ्यांदाचं खरं न्हाई."

छबूबाईच्या तोंडात शिव्या अशा गर्दी करून आल्या! पर एकदम तिच्या ध्यानात आलं, दवाखान्यातनं आल्यापास्नं हा मानूस 'व्हय'च्या फुडं बोललेलाच न्हाई. आनि आपन तरी कुठं इचारलं? ती फतकल मारून बसली. "बोला," म्हनाली. "पर बिगीबिगी बोला, मुकादम यील."

गोरक्ष म्हनाला, "मला टोळीत यायचं न्हाई."

"काय?"

"ऐकून घे. गेल्या साली तुला ताप हुता तरी तू मोळ्या वाहत हुतीस. गाडीखालनं मला तुझे पाय दिसायचे. नुस्ते पाय. येत्यात, जात्यात. मला उठावं वाटायचं, उठता येत नव्हतं. हितं भट्टीपत्तुर चालत यावं लागतं, छबे, तेवढ्यात इचार तरी करता येतो. तितं पाचटाच्या खोपीतनं हात लांबवला की बाटली. मला भ्या वाटतंया."

"आवो, मग हे नर्सबाईला का न्हाई सांगितलं?"

"तिच्या लग्नाचं चाललं हुतं."

छबूबाईनं त्याला उठवलं. गिलास ऱ्हायला तितंच.

घरी आबासाहेब येऊन उभेच. त्यांनी वाकून गोरक्षाच्या तोंडाचा वास घेतला. "ठीक हाय. पहाटं निघायचं."

गप बसली असती तर जागा मिळालीच हुती की! पर छबूबाई म्हनाली, "आमची खोप तुमच्या खोपीला लागून पायजे."

"आँ? समदी टोळी माझ्या शिव्यांना भिऊन लांब खोपी घालती, आनि तुला जवळ पायजे?"

"तिन्हीसांजंला ह्यांच्या शेजारी कुनीतरी लागतं."

"मला भ्या वाटतंया, आबासाहेब," गोरक्ष खाली मान घालून बोलला. "तितं जाऊन मी पुन्हा प्यालो तर?"

मुकादम भडकला. "मी मुकादम हाय का दवाखाना? आनि बसलो तरी मला गोड बोलता येत न्हाई, आधीच सांगतो! ना कुनाचं ऐकनार, ना माझं सांगनार. नुस्ता बिडी वडत बसनार!"

"तेच तर पायजे!" छबूबाई वरडली.

आबासाहेबांनी तिच्याकडं बघितलं, ओट्यावरच्या आळीकडं बघितलं, आनि जाता जाता म्हनाले, "गाडी माझ्या गाडीम्हागं लावा."