चार वर्षं, रुमालाबाहेर

"या वयात कॉलेज?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. तुम्हीही विचारणार, म्हणून आधीच सांगून टाकतो. शेहेचाळीस साली मी एकतीस वर्षांचा होतो, दोन पोरींचा बाप होतो आणि तिसगावच्या बाजारात बैलांची दलाली करत होतो. मॅट्रिक होऊन चौदा वर्षं उलटली होती. नाव अलीम. शिंगं मोडून वासरांत शिरला म्हणून गावानं माझी पोटभर टिंगल केलेली आहे. तुम्हाला त्यात नवं काही घालता येणार नाही.

आमचा धंदा बोटांचा. विकणारा शेतकरी एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, मधे आम्ही. दलाल घेणाऱ्याचा हात धरतो, वरून रुमाल टाकतो आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरतो. एक बोट म्हणजे एक, चार बोटं म्हणजे चार. दहाचे की शंभराचे, ते बैलाकडे बघून कळतं. मग तोच रुमाल घेऊन विकणाऱ्याकडे जायचं आणि त्याची बोटं दाबायची. तोंडानं आकडा काढायचा नाही. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी सौदा तिघांत, आणि खरं बोलायचं तर पुरता ठाऊक एकालाच, दलालाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे अब्बांनी मला दिलेलं सगळं शिक्षण. अब्बांचा, म्हणजे हैदरभाईंचा रुमाल म्हटला की पार घोडेगावच्या बाजारापर्यंत बैलांचे व्यापारी मान द्यायचे. त्यांच्या मागं मी सतराव्या वर्षी उभा राहिलो तो उभाच.

लढाईच्या दिवसांत नगरच्या कॅम्पात लष्करासाठी बैल घेत होते. मी गेलो, सवयीनं रुमाल काढला. खरेदीवरचा बाबू म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांचं पोरगं. ते म्हणालं, रुमाल खांद्यावर ठेवा आणि भाव मोठ्यानं बोला. त्या पठ्ठ्यानं जन्मात बैलाच्या शेपटीला हात लावला नव्हता. तरी चारा किती लागेल, गाडीभाडं किती पडेल, दिसायला स्वस्त बैल शेवटी महाग का पडतो, हे त्यानं बसल्या जागी मांडून दाखवलं. मला राग आला आणि हेवाही वाटला. कुठं शिकलास विचारलं, तर पुण्याला बी. कॉम. झालोय म्हणाला. तिथून माझ्या डोक्यात किडा शिरला. बाजारात उघडे लिलाव येणार अशी बोलवा होतीच. ते आले की रुमालवाल्याला कोण विचारणार होतं?

वाटा दोन होत्या. नगरला संध्याकाळचा कमर्शियल क्लास होता, एका वर्षाचा. टायपिंग, पत्रं लिहिणं, वरवरची जमाखर्चाची ओळख. तो केला तर एखाद्या पेढीवर कारकुनी मिळाली असती. दुसरी वाट पुण्याची, बी. कॉम.ची, चार वर्षांची. लढाईत दोन पैसे गाठीला लागले होते, चार एकर जमीन बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला देता आली असती, अब्बांचा रुमाल अजून चालत होता. मला कारकुनी नको होती. त्या पोरासारखं बसल्या जागी सगळं मांडता यायला हवं होतं, आणि त्याला चारच वर्षं लागत होती.

आता हे मी घरात कसं सांगितलं ते ऐका. अब्बांना म्हटलं, पुण्यात क्लास आहे, एक वर्षाचा. जरीनाला, म्हणजे माझ्या बायकोला म्हटलं, दोन वर्षं लागतील, पण अब्बांपाशी एवढ्यात बोलू नको. दोघांनीही कुरकुरत का होईना, हो म्हटलं. मी खूश. एकदा पुण्याला पोचलो की वर्ष-वर्ष वाढवत न्यायचं, बाजारात असंच तर करतात. विकणाऱ्याला एक आकडा, घेणाऱ्याला दुसरा, आणि खरा आपल्यापाशी. आपण घरच्यांना फसवतोय असं मनात आलंसुद्धा नाही, अल्लाची शपथ.

मे महिन्यात सर्व्हिस मोटारीनं पुणं गाठलं. कॉलेजचे प्रिन्सिपल साठीकडे झुकलेले, चष्मा कपाळावर चढवलेला. खोलीत आणखी दोन मुलांचे बाप बसले होते. माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट बघून साहेबांनी सरळ विचारलं, प्रपंच सांभाळून तुम्ही खरोखर किती वर्षं देऊ शकाल? आता परक्या माणसांदेखत आकडा कसा बोलायचा? माझा हात आपसूक खांद्याकडे गेला. रुमाल काढला, टेबलावरच्या त्यांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची चार बोटं दाबली.

एका बापानं तोंडाला धोतराचा सोगा लावला. दुसरा खिडकीबाहेर बघायला लागला, त्याचे खांदे हलत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. साहेबांनी मात्र हात काढून घेतला नाही. हा काय प्रकार आहे, असं त्यांनी विचारलं, आणि मी घाम पुशीत सगळा धंदा समजावून दिला. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"यात आकडा झाकल्यानं फायदा कुणाचा होतो?" त्यांनी विचारलं.

"दलालाचा," मी म्हणालो.

चौदा वर्षं या धंद्यावर जेवलो, पण हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. साहेब हसले. मग त्यांनी फॉर्म दिला आणि स्पष्ट बजावलं की पहिल्या वर्षी अर्धी पोरं गळतात, इंग्रजी तुमचा घाम काढील, शेजारी सतरा वर्षांची मुलं बसतील आणि ती तुम्हाला काका म्हणतील. जागा झाली तर पत्रानं कळवू. परत येताना शिरूरला चहासाठी मोटार थांबली, तेव्हा मला जरा टोचलं. घरातही मी हेच केलं होतं, मधे उभा राहून. पण टोचणं वेगळं आणि सुधारणं वेगळं. चहा संपवला आणि गाडीत बसलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कार्ड आलं. कारभारी पोस्टमन कार्ड नुसतं देत नसे. घरात वाचता येणारं कुणी दिसलं नाही की दारातच मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि लोकांनाही तेच हवं असायचं. मी मागच्या अंगाला बैल धूत होतो. अब्बा ओट्यावर, जरीना दारात. प्रिन्सिपल साहेबांनी, माझ्या घरच्यांना समजावं म्हणून असेल, मराठीत स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. ते कारभाऱ्यानं खणखणीत आवाजात वाचलं, की चार वर्षांच्या बी. कॉम.साठी आपल्याला प्रवेश दिला आहे, वीस तारखेच्या आत हजर व्हावं. मी ओल्या हातानं पुढं धावलो, पण तोवर कारभारी सायकलवर बसला होता.

"मला दोन म्हनाले हुते," जरीना म्हणाली.

"मला एक," अब्बा म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. माझ्याकडे कुणी बघेना, तेच मला जास्त लागलं. मग अब्बांनी मान वळवली.

"घरात रुमाल टाकलास व्हय रं?"

चुकलो म्हणायचं सोडून मी भडकलो. माझा स्वभावच तसला. म्हटलं, चार सांगितले असते तर सोडलं असतं का मला? तुम्ही म्हातारपण पुढं केलं असतं, हिनं पोरी पुढं केल्या असत्या. जरीना सहसा अब्बांदेखत बोलत नसे. त्या दिवशी डोक्यावरचा पदर सारखा करून बोलली.

"इचारलं हुतं का तुमी?"

नव्हतं विचारलं. मी तिथंच पायरीवर बसलो. अब्बा टोपी काढून मांडीवर ठेवून बसले होते. मला वाटलं, आता शिव्या पडणार. पण ते अगदी हळू आवाजात म्हणाले, चार म्हणजे लई झाले.

"नगरच्या डाक्तरनं मला दोन सांगितलेत."

मला आधी कळलंच नाही. दोन काय? मग त्यांनीच सांगितलं. चैत्रात बैल विकायला म्हणून नगरला गेले होते तेव्हा छाती दाखवून आले होते. काळजाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाला, जपलंत तर दोन वर्षं. घरी येऊन आम्हाला सांगितलं, पित्त झालंय. आमच्या जरीनानं महिनाभर त्यांना आल्याचा रस पाजला, आणि म्हाताऱ्यानं तो तोंड वाकडं करून गुपचूप घेतला.

"अब्बा, मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर त्यो एक वर्साचा किलास बी केला नसतास तू."

मी रडलो. एकतीस वर्षांचा बाप्या, ओट्याच्या पायरीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत रडलो. त्याची मला तेव्हाही लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. डोळे पुसून म्हटलं, मी कुठं जात नाही. पुणं राहिलं, क्लासही राहिला. यावर अब्बांना खरा राग आला. मी भाव सांगितला, सौदा मोड असं कुठं म्हटलं, म्हणाले. तुझे चार आणि माझे दोन, दोन्ही आता उजेडात आहेत. आता ठरव. एवढं बोलून ते धापा टाकायला लागले, तेव्हा जरीनानं त्यांना पाणी दिलं.

आणि ठरवलं तिनंच. रिकामा तांब्या हातात घेऊन माझ्याकडे वळली.

"जायाचं," ती म्हणाली. "पर दर महिन्याला घरी यायाचं. ईदची वाट बघायची न्हाई."

मग मी गेलो. पोरं मला काका म्हणाली, इंग्रजीनं घाम काढला, सगळं साहेबांनी सांगितलं तसंच झालं. पहिल्या वर्षी काठावर पास झालो. महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी मोटार धरायची आणि रात्रीचं जेवण घरी घ्यायचं. अब्बा ओट्यावर वाट बघत असायचे. त्या महिन्यात काय शिकलो ते त्यांना सगळं सांगावं लागायचं. माल वाढला की भाव उतरतो, हे मी मोठ्या तोऱ्यात समजावलं, तर म्हणाले, हे तिसगावच्या शेंबड्या पोराला ठावं हाय, ह्याला चार वर्सं कशाला? आम्ही तासन् तास वाद घालायचो. सतराव्या वर्षापासून त्यांच्या मागं उभा होतो, पण शेजारी बसून असं कधी बोललो नव्हतो.

सत्तेचाळीसच्या डिसेंबरात ते गेले. डॉक्टरचा आकडा काही महिन्यांनी चुकला. तार मिळाली तेव्हा मी वर्गात होतो, घरी पोचेपर्यंत दफन झालं होतं. बापाच्या मातीला पोरगा नव्हता, पुण्यात बुकं वाचत होता, असं तिसगावात अजून म्हणतात. म्हणू देत, त्यांच्या तोंडाला कोण हात लावणार? दीड वर्षात मी सतरा वेळा घरी गेलो. एकदा तेवढी परीक्षेपायी फेरी चुकली. आणि त्या सतराही वेळा मला माहीत होतं की म्हातारा जाणार आहे, म्हणून एकदाही मी त्यांच्याजवळून घाईनं उठलो नाही.