आठ दिवसांची शिकवणी

मी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकं शिवली आणि हिने कारखान्यात शर्टांना बटणं. शिवता शिवता मी वाचायचो. हिला अक्षरओळखही नव्हती. "मलाही शिकवा की," लग्नानंतर ती म्हणायची. मी उद्यावर ढकलत गेलो. मग तिने म्हणणं सोडलं.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत विसरण्याच्या आजाराची पाहणी करायला एक मुलगी येऊ लागली. तिला सगळे फॉर्मवाली म्हणत. शेजारच्या वहिनींच्या सासूबाईंना तिने आधी तपासलं होतं. वहिनींनी सगळे प्रश्न मला सांगितले. "भाऊजी, पढवून ठेवा. एकदा कागदावर वेडी म्हणून नाव लागलं की लोक घरात पाऊल ठेवत नाहीत."

ही तेव्हा गॅसवर दूध ठेवून विसरायची, एवढंच. पण मी मुलखाचा भित्रा. आठ संध्याकाळी पाटी घेऊन बसलो. वार, महिना, घड्याळाचे काटे, आणि लक्षात ठेवायचे तीन शब्द: लिंबू, किल्ली, होडी. चुकली की ती स्वतःलाच टपली मारायची. "मास्तर, छडी नका मारू हं!" इतकी वर्षं एका खोलीत काढून आम्ही एवढे जवळ कधी बसलो नव्हतो. फॉर्मवालीने आणखी महिनाभर येऊ नये, असं मला वाटत होतं.

तीसपैकी अठ्ठावीस गुण मिळाले. फॉर्मवालीने 'ठणठणीत' लिहिलं. साहजिकच मोठ्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी मिळाली नाही. वर्षभरात ही मला विसरली. म्हणजे नवरा विसरली. मास्तर तेवढा राहिला.

परवा फॉर्मवाली पुन्हा आली. मी चाचरत म्हणालो, "मागच्या वेळी मीच पढवलं होतं."

तिने पेन खाली ठेवलं. "काका, तुम्हीसुद्धा?" मग कपाळाला हात लावला. "चाळीस घरं आणि आजारी एकही नाही! आमचे साहेब विचारतात, त्या गल्लीत पाणी कुठलं पितात?"

"आता हिला चिठ्ठी मिळेल ना?"

"गुण कमी पडले तर मिळेल. पण तुम्ही गप्प बसायचं. ओठसुद्धा हलवायचे नाहीत."

तिने हिला विचारलं, "काकू, आज वार कोणता?"

हिने माझ्याकडे पाहिलं. शिकवणीत अडली की पाहायची, तसंच, विश्वासाने. गुरुवार माझ्या जिभेवर आला होता. मी फरशीकडे बघत राहिलो. तरी ती थांबली. मग हळूच म्हणाली, "होडी?"

नऊ गुण पडले. फॉर्मवालीने चिठ्ठी लिहून दिली. मी ती दोन्ही हातांनी घेतली.

फॉर्मवाली गेल्यावर ही भिंतीकडे तोंड करून बसली. म्हणाली, "मास्तर, तुम्ही शिकवलंच नाही, तर मी काय सांगणार?"

मी फळीवरची पाटी काढली. या वेळी घड्याळ काढलं नाही. तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. तिने त्यावरून बोट फिरवलं, तळव्याने ते पुसून टाकलं आणि पाटी माझ्याकडे सरकवली.

"परत काढा."