पाठमोरी तसबीर

इस्तेरनं अबूना बिशोईंसमोर चहाचा पेला आदळला आणि पाठ फिरवून कणीक तिंबायला बसली. म्हातारे पाद्री भर उन्हात पायी आले होते, पण तिला त्याचं काय!

"तुम्हीच सांगा हिला, अबूना," तिचा नवरा शनूदा म्हणाला. तो जन्मांध, चाळीस वर्षं गावच्या चर्चचा मुख्य गायक. सगळी स्तोत्रं तोंडपाठ. एकुलता एक मुलगा कीरलुस कालव्यात बुडून गेला, त्याच्या मातीलाही तोच गायला होता. एक सूर हलला नव्हता. श्रद्धा असावी तर अशी, असं गाव म्हणालं.

इस्तेरनं मात्र त्या दिवसापासून चर्चची पायरी चढली नव्हती. घरात दिवसभर ती देवाला फाडफाड बोलते, शिव्याही घालते, असं शेजारणी सांगत. ईस्टर आठवड्यावर आलेला, आणि गायकाच्याच बायकोनं प्रभुभोजन नाकारलं तर शनूदाची काय शोभा राहणार? अबूनांनी तिला समजावलं, मग जरा दमातही घेतलं. प्रभूवर प्रेमच नसेल तर आपण ख्रिस्ती तरी कसले, असं म्हणता म्हणता त्यांची नजर भिंतीवर गेली.

"प्रभूची तसबीर अशी पाठमोरी कुणी टांगली?"

"मी," इस्तेर म्हणाली. "त्याचं तोंड बघवत नाही मला."

शनूदा उठला. चाचपडावं लागलं नाही, हात नेमका तिथेच गेला. काच नव्हती. खरबरीत पुठ्ठा होता, खिळ्यांची डोकी होती.

"कधीपासून?"

"कीरलुसला पुरून आलो त्या संध्याकाळपासून. त्रेचाळीस दिवस झाले. तुम्ही रोज सकाळी तसबिरीला हात लावता, बोटं ओठांना लावता. मी रोज वाट बघायचे, कीरलुसचे बाबा. आज कळेल. आज तरी माझ्यावर ओरडाल."

अबूना खाली मान घालून गार झालेला चहा पीत राहिले.

"देव उत्तर देतो तुला?" शनूदानं विचारलं.

"नाही. पण मी बोलते तरी."

संध्याप्रार्थनेची घंटा झाली. शनूदानं काठी घेतली आणि तो अबूनांबरोबर निघाला. आज निदान एक तरी सूर हलावा म्हणून गाताना तो वाट बघत राहिला. एकही हलला नाही.