खिळ्यांच्या पट्ट्यावरची नक्षी

महाळुंगे पडवळच्या बायांच्या गळ्यात यंदा एक नवा दागिना आला. काळ्या रेक्झिनची पट्टी, तिला बाहेरच्या अंगाला अणकुचीदार खिळे आणि मागं बक्कल. बिबट्या मान धरतो, म्हणून मानेलाच काटे. बिबट्याचा बंदोबस्त करायचा तर पिंजरे लागतात, माणसं लागतात, वरच्या सह्या लागतात. त्यापेक्षा बायांना पट्टे बांधलेले सोपे, हे कुणातरी हुशार माणसाच्या ध्यानात आलं असणार. जिल्हा परिषदेला उभं राहायच्या तयारीत असलेल्या भरतशेठांनी तर शंभर पट्टे फुकट वाटले आणि प्रत्येक पट्ट्यावर स्वतःचा हात जोडलेला फोटो चिकटवला. झडप घालायच्या आधी बिबट्यानं निदान दात्याचं नाव तरी वाचावं. द्रौपदाच्या पट्ट्यावर एक खिळा नेमका शेठांच्या कपाळातून बाहेर आला होता, तरी त्यांचं हसू काही ढळलं नव्हतं.

चार दिवस द्रौपदा ते हसू गळ्यात घेऊन हिंडली. पाचव्या दिवशी ओट्यावर बसून रॉकेलच्या बोळ्यानं फोटो घासायला लागली. तिचा नवरा भागुजी बाजेवरून बघत होता. घरकुलाच्या यादीत आपलं नाव अजून लागायचंय, शेठांचं तोंड असं खरवडू नको, असं त्यानं बजावलं. यादीत आपलं नाव गेली सहा वर्षं लागतंच आहे, असं म्हणून द्रौपदानं बोळा आणखी जोरात फिरवला. पण चिकटपट्टी भारी दर्जाची निघाली. खिळे दुसऱ्या दिवशी गंजले होते, फोटो मात्र हलेना. शेवटी डोळे गेले, नाक गेलं, आणि जोडलेले हात व मिशी तेवढी उरली. हे झाकल्याशिवाय चारचौघींत जाता येणार नव्हतं. म्हणून तिनं जुन्या निळ्या लुगड्याचा काठ कापला आणि दाभणानं त्यावर शिवायला घेतला.

द्रौपदाच्या जिवाला खरा घोर पट्ट्याचा नव्हताच. घोर होता सुनेचा आणि कांद्याच्या रोपाचा.

सून अमृता, तिच्या मुलाची, संघर्षची बायको. मंचरला जाऊन आरी वर्कचा क्लास केलेली. आजूबाजूच्या चार गावांतल्या नवऱ्या मुलींचे ब्लाउज तिच्याकडे यायचे. दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी ती गोठ्याकडं कालवड बांधायला गेली आणि तिच्यापासून दोन हातांवर बिबट्यानं कालवड उचलली. दाव्याचं दुसरं टोक अमृताच्या हातातच राहिलं. त्या दिवसापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. मशीनवर चादर पडली ती पडलीच. संघर्ष चाकणच्या कंपनीतून रोज फोनवर घाबरू नको म्हणून सांगायचा. चाकणातून धीर देणं त्याला चांगलं जमत होतं.

आणि इकडं रोप पंचावन्न दिवसांचं झालं होतं. कांद्याची लागण गावात सावडीनं होते. आज सगळ्या बाया तुझ्या रानात, उद्या माझ्या. घरात हातीपायी धड असलेली प्रत्येक बाई सावडीत आली पाहिजे, असा नेम. जिच्या घरची तरणी सून घरात बसते, तिचा नंबर शेवटी. हा नेम बायडाबाई सांभाळायची आणि ती कोर्टापेक्षा कडक होती. द्रौपदाचा नंबर पंधरा दिवसांनी लागणार होता. तोवर रोप म्हातारं होऊन त्याला कांद्याऐवजी डेंगळे, म्हणजे नुसते फुलांचे दांडे, आले असते. वर्षाचा सगळा भरवसा त्या वीस गुंठ्यांवर होता.

पट्टा शिवताना द्रौपदाला एक शक्कल सुचली. बिबट्याला आवाजाचं भय असतं, असं वनखात्याचा माणूस सांगून गेला होता. दाव्याबरोबर मागं राहिलेलं कालवडीचं घुंगूर तिनं फडताळातून काढलं आणि पट्ट्याच्या पुढं, बरोबर मधोमध टाचून दिलं. आपल्या हुशारीवर ती इतकी खूश झाली, की दुसऱ्या दिवशी सगळ्या रानात मुद्दाम मान हलवत फिरली.

दिवस मावळायच्या सुमाराला ती घरी निघाली. घुंगूर वाजत वाजत बोळात शिरलं, तशी घराच्या दारातून अमृता धावत बाहेर आली. अनवाणी, पदराचं भान नाही. उंबरा, ओटा, अंगण सगळं ओलांडून ती थेट बोळाच्या तोंडाशी आली आणि सासूला बघून थांबली. तिची नजर सासूच्या मागं कालवड शोधत राहिली. मग द्रौपदाच्या ध्यानात आलं आपण काय करून ठेवलंय ते, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काढा ते," अमृता म्हणाली. दोन वर्षांत सासूपुढं तिचा आवाज चढला नव्हता. "आत्या, आत्ताच्या आत्ता काढा."

घाईत द्रौपदाला बक्कल निघेना. अमृतानंच ते काढलं. घुंगूर तोडण्यासाठी तिनं पट्टा डोळ्यांजवळ नेला आणि तशीच थबकली. निळा काठ एकीकडं गोळा झालेला, दुसरीकडं सुटलेला. टाके असे, की कुणी पोत्याचं तोंड शिवावं. डोळ्यांत पाणी असतानाही तिच्या कपाळावर आठी पडली.

"ही शिलाई कोणी केली?"

"म्या केली. का गं?"

"हे घालून तुम्ही सगळ्या बायांत गेलात? माझ्या घरातनं?"

त्या संध्याकाळी मशीनवरची चादर निघाली. बिबट्यानं दोन महिने जे घालवलं होतं, ते सासूच्या वाईट टाक्यांनी परत आणलं. अमृतानं घुंगूर पुसून फडताळात ठेवलं. मग सगळी शिवण उसवली. गंजके खिळे घासले, काठ नीट बसवला, खिळ्याखिळ्याच्या मधे आरीनं सोनेरी वेल काढली आणि प्रत्येक खिळ्याच्या मुळाशी पांढऱ्या मण्यांचं फूल केलं. शेठांची मिशी एका पानाखाली कायमची गेली. भागुजीनं पट्टा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि हा घालून लग्नाला जायला हरकत नाही, असा शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी रानात बायांचं लक्ष कामात नव्हतं. बायडाबाईनं तर हातातलं रोप खाली ठेवलं आणि जवळ येऊन ती पट्टा निरखत बसली. आपल्यालाही असाच पाहिजे, पण हिरवा, असं तिनं सांगितलं. सारजाबाईला मोराचा पाहिजे होता. मोरात खिळे कुठं बसवायचे हा प्रश्न निघाला, त्यावर अर्धा तास चर्चा झाली. बिबट्या हा विषय त्या अर्ध्या तासात कुणाला आठवला नाही.

द्रौपदानं ही वेळ सोडली नाही. "नऊ जणींचे नऊ शिवंल ती. पर मग ती सावडीत धरायची. घरात बसून का व्हईना, राबती हाय ना तुमच्यासाठी?"

बायडाबाईनं विचार केला. कोर्टालाही हिरवा पट्टा हवा होता. "धरली. तुजा नंबर गुरुवारी," ती म्हणाली. "पर एक हाय द्रौपदे. पयलं रोप घरच्या सुनेनं लावायचं. त्ये काय मी बदलायची न्हाई."

द्रौपदा हे घरी जशाच्या तसं सांगू शकली नाही. चार दिवस मशीन चालत राहिली आणि चार दिवस ती शब्द जुळवत राहिली. बुधवारी सांगितलं, तेव्हा अमृतानं फक्त दोरा तोडला.

गुरुवारी सकाळी द्रौपदा वाफ्यांना पाणी सोडून बांधावर उभी होती. बाया आल्या. हिरवा, जांभळा, मोराचा, कैऱ्यांचा, असे नऊ पट्टे उन्हात चमकत आले आणि त्यांच्या मागं, थोडं अंतर ठेवून, अमृता आली. तिच्या गळ्यातला पट्टा साधा होता, फोटोवर नुसता काठ मारलेला; स्वतःसाठी नक्षी करायला वेळ उरला नव्हता. ती वाफ्यात उतरली, चिखलात बोट घातलं आणि पहिलं रोप लावलं. द्रौपदाला रडू आलं. रोपाची पाती डोळ्याला लागली, असं तिनं सारजाबाईला सांगितलं.

दहाच्या सुमाराला भरतशेठ फोटोवाला घेऊन आले. आपला चेहरा एकाही गळ्यात नाही, हे त्यांना दोनदा मोजल्यावर कळलं. पण माणूस तयारीचा. त्यांनी मोरवाल्या सारजाबाईशेजारी उभं राहून फोटो काढला आणि दुपारपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर आलासुद्धा. शेठांनी कष्टकरी भगिनींना कलाकुसरीचे दागिने वाटले, असं खाली लिहिलं होतं. बायांनी तो एकमेकींना दाखवला आणि मोर फोटोत नीट आला नाही यावर बोलत त्या जेवायला उठल्या.

जेवणानंतर उसाकडच्या बांधाला पाणी फुटलं म्हणून अमृता खोरं घेऊन गेली आणि तिथंच उभी राहिली. द्रौपदा मागून गेली. ओल्या चिखलात पंजे उमटले होते. ताजे. कडा अजून कोसळल्या नव्हत्या. मागून आलेल्या बाया बांधाखालीच थांबल्या. उसाची पानं वाऱ्यानं वाजत होती आणि द्रौपदाला वाटलं, झालं. आता ही खोरं टाकील, घर गाठील आणि ह्या जन्मात पुन्हा उंबरा ओलांडायची नाही.

अमृता पंजांकडं बघत होती. मग तिनं खोऱ्यानं चिखल ओढला, फुटलेला बांध पंजांसकट लिंपून टाकला आणि मागं वळली.

"उद्या कुणाच्यात आहे?" तिनं विचारलं.

"गेणभाऊच्यात," बायडाबाई हळूच म्हणाली. "उसाला लागूनच हाय गं त्येचं रान."

"मग उजाडल्यावरच निघू," अमृता म्हणाली, आणि तिनं रोपाची पेंडी उचलली. "आत्या, सरका. तुमची ओळ वाकडी आलीय."