भोंग्याला उत्तर

दगडाच्या खाणीत सुरुंग उडवण्याआधी तीन वेळा भोंगा वाजतो. पहिला वाजला की हातातलं काम टाकून सगळ्यांनी बाहेर यायचं. दुसऱ्याला रस्ता बंद. तिसरा झाला की सुरुंगवाला बटण दाबतो. मध्येच काही धोका दिसला, तर भोंगेवाल्याने लाल झेंडा वर धरायचा. झेंडा वर असेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, मग खाणीचा मालक का येईना.

या खाणीचा भोंगा ताई वाजवायची. दांडा गरागरा फिरवायचा, जुना भोंगा. सुरुंगवाला म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो पलीकडच्या टोकाला पत्र्याच्या आडोशात बसायचा. त्याला फटीतून ताई आणि तिचा झेंडा तेवढा दिसायचा.

आणखी एक नियम होता, पण तो कुठे लिहिलेला नव्हता. भोंगा वाजला की समोरच्या डोंगरातले लांडगे गळा काढायचे.

"ताई, तुझ्या सासरचे बोलले गं!" ट्रकवाले ओरडायचे.

"सासरचे असते तर आधी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली असती," ताई म्हणायची.

धाकटा मात्र हसायचा नाही. तिसऱ्या भोंग्यानंतर लांडगे बोलले, म्हणजे ते आपापल्या जागी सुखरूप आहेत, असं धरून तो बटण दाबायचा. अकरा वर्षं हेच चाललं. त्या अकरा वर्षांत खाण मात्र डोंगर खात खात त्याच्या पोटापर्यंत पोचली होती.

त्या सकाळी दुसरा भोंगा वाजवून ताई थांबली. उत्तर आलं, पण लांबून नाही. ज्या कड्यात सुरुंग भरले होते, त्याच कड्याच्या कपारीतून आलं. बारीक, फाटके आवाज, एकामागून एक. लहान मुलं मोठ्यांची नक्कल करतात, तसे.

ताईने झेंडा वर केला. "मुकादम, कड्यात पिल्लं आहेत."

"पिल्लं कसली? खड्डा केवढा झालाय बघा. तुमचाच भोंगा भिंतीला आपटून परत येतोय." मुकादम हसला. "का आता कान वाजायला लागले?"

ट्रकवालेही हसले. ताईला स्वतःच्याच कानांची शंका आली. तिने विचार केला, प्रतिध्वनी असेल तर भोंग्यापाठोपाठ विरून जाईल. जिवंत आवाज भोंगा थांबला तरी चालू राहील. एकदा वाजवून बघू. दांड्याला दोन्ही हात लागतात, म्हणून तिने झेंडा खाली ठेवला.

तिने भोंगा वाजवला, थांबवला. कपारीतले आवाज थांबले नाहीत.

पलीकडे धाकट्याने झेंडा वर गेलेला पाहिला होता, मग खाली आलेलाही. त्यानंतर भोंगा झाला, त्याच्या हिशेबाने तिसरा. लांडगे बोलले. पत्र्याच्या आड आवाजाची दिशा कळत नाही.

त्याने बटण दाबलं.

धूळ बसल्यावर ढिगारा उपसणाऱ्या यंत्रवाल्याने वरचे चार दगड बाजूला केले, यंत्र बंद केलं आणि तो खाली उतरला.

"चार होती," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तीन भोंगे झाले. डोंगर गप्प. धाकट्याने बटण दाबलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच.

"अरे, कसली वाट बघतोस?" मुकादम खेकसला.

"बोलले नाहीत अजून."

"ताई, भावाला समजवा. उद्या सुरुंग उडाला नाही तर मी दुसरा माणूस आणतो."

घरी ताईने खूप समजावलं. धाकटा ताटावर बसला होता, पण घास त्याच्या हातातच होता. "मला कळतं गं सगळं," तो म्हणाला. "बोटाला कळत नाही."

म्हणून चौथ्या दिवशी, तिसऱ्या भोंग्यानंतर, ताई दगडाआड वाकली. तिने तोंडापुढे हातांची ओंजळ धरली आणि गळा काढला. अकरा वर्षं ऐकलेला सूर. पण तिच्या थकलेल्या गळ्यातून तो बारीक, फाटका निघाला. पिल्लाचा.

उत्तर आलं.

फुटलेल्या कड्याच्या ढिगाऱ्यावर, भर उन्हात, लांडगी येऊन उभी राहिली. बरगड्या वर आलेल्या, आचळं दुधाने ताठलेली. तिने एक दगड हुंगला. मग मान वर करून ती थेट ताईकडे बघू लागली.

ताईने झेंडा उचलला. या वेळी दोन्ही हातांनी.

"ताई, झेंडा खाली घ्या! ती जाईल आपोआप!"

लांडगी गेली नाही. तिला तिच्या पिल्लाने इथूनच हाक मारली होती. दुसरी हाक येईपर्यंत ती हलणार नव्हती, आणि ती हाक पुन्हा मारायची हिंमत ताईत नव्हती. सावल्या लांबल्या. ट्रक रिकामे परतले. मुकादम ओरडून ओरडून दमला. धाकटा आडोशातून बाहेर आला, बहिणीजवळ उभा राहिला आणि तिचे हात भरून आले तेव्हा त्याने झेंड्याची काठी खालून धरली.

"ताई, अजून आहे का गं ती?"

"आहे," ताई म्हणाली. "ऐकतेय."