गोठ्याच्या दारातलं ओलं गोणपाट

मी शहाजादीच्या गोठ्याच्या दारात पडलेलं गोणपाट बोलतोय. माझाही एक थाट होता. अकोल्याहून सरकीची ढेप पोटात घेऊन मी बडनेऱ्याजवळच्या या गावात आलो. ढेप गायीनं फस्त केली. मग गावातल्या गुरांना खुरकूत लागली आणि मी पायपुसणं झालो.

गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मला भिजवायचं आणि माझ्यावर पाय दिल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. हा रोग माणसाच्या पायानं, हातानं, कपड्यानंही येतो. पण लोक मोठे भाविक. गोठा पवित्र म्हणून चपला बाहेर काढत आणि पाय भिजू नयेत म्हणून मला खुशाल ओलांडत. मला भारी राग यायचा.

त्या वर्षीही कपाशीनं दगा दिला होता. घर चालत होतं ते बिजलीच्या, म्हणजे एकुलत्या गायीच्या दुधावर.

एके सकाळी शेजारचे नत्थुजी कुंपणाबाहेरूनच म्हणाले, "शहाजादीबाई, म्हैस अडली. माही बायको जमुना तुमालेच बलावून राहिली, तुमचा हात हलका हाय."

शहाजादीचा नवरा कुर्बान पुढे झाला. "त्यायच्या गोठ्यात खुरकूत हाय. जाऊ नको."

"मुक्या जिवाले नाही कसं म्हनू?" ती म्हणाली. "परत आल्यावर मी आपल्या गोठ्यात पाय ठेवनार नाही. दूध तुमी काढा."

पारडू सुखरूप सुटलं. शहाजादीनं अंघोळ केली, लुगडं सोड्यात उकळलं, तरी ती माझ्या अलीकडेच थांबली. आत बिजलीनं पान्हा चोरला. कुर्बान घामाघूम झाला, कास दगडासारखी. बिजली हंबरत होती आणि शहाजादीचे डोळे भरले होते.

"बिजली, बेटा, सोड दूध," तिनं बाहेरूनच साद घातली. गायीनं कान टवकारले. जरा वेळानं चरवीत धार वाजली. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत रोज असंच चाललं. बिजली वाचली.

परवा शहाजादीचा धाकटा भाऊ तनवीर आला. तो मला ओलांडणार तोच तिनं त्याला गोठ्याच्या दारातच अडवलं.

"आपा, मी का परका हाय?" तो रुसला.

"मी त घरची होती ना? तरी इथंच उभी राहून रडली."

तो माझ्यावर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला.

मी आता कुजत आलोय. उद्या माझ्या जागी दुसरं गोणपाट येईल. एवढंच करा, त्याला कोरडं पडू देऊ नका.